बिटसंचाचा हॅश कोड
बिटसंचाचा हॅश कोड : बिटसंचातील (० किंवा १ असलेल्या, ० पासून क्रमांक दिलेल्या बिटांच्या संचातील) कोणकोणते बिट १ आहेत, एवढ्यावरूनच काढलेला ठरावीक लांबीचा पूर्णांक. बिटसंच हॅश तक्त्यात (कोडावरून नोंदीची जागा ठरवणाऱ्या तक्त्यात) किल्ली म्हणून, म्हणजे नोंद शोधण्याची खूण म्हणून, वापरताना तो लागतो. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये समान ऑब्जेक्टांचा हॅश कोड समान असणे बंधनकारक असते. भिन्न ऑब्जेक्टांचा तो भिन्न असावा, ही केवळ अपेक्षा असते.

हॅशिंगच्या कल्पनेचे जनकत्व बहुधा आयबीएममधील हान्स पीटर लून यांना दिले जाते. त्यांचे याविषयीचे अंतर्गत टिपण जानेवारी १९५३ मधील आहे. जीन अमडाल, एलेन बोएम, नॅथॅनियल रॉचेस्टर व आर्थर सॅम्युएल यांच्या गटाला आयबीएम ७०१ यंत्रासाठी असेंब्लर (सांकेतिक आज्ञा यंत्रभाषेत आणणारा प्रोग्रॅम) लिहिताना, साधारण त्याच सुमारास, हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. लून यांचे टिपण लेखी व दिनांकित असल्याने अग्रक्रम त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र टक्कर झाल्यास, म्हणजे दोन किल्ल्यांना एकच जागा आल्यास, लगतची रिकामी जागा शोधण्याच्या पद्धतीचे श्रेय अमडाल यांच्याकडे जाते. ‘हॅश’ ही संज्ञा छापील लेखनात रुळली ती प्रामुख्याने रॉबर्ट मॉरिस यांच्या १९६८ मधील आढावा-लेखामुळे. हर्बर्ट हेलरमन यांच्या १९६७ मधील ग्रंथातही ती आढळते, आणि जाणकारांच्या बोलण्यात त्याआधीपासून असावी.

बिटसंचाच्या बाबतीत खरी अडचण साठवणुकीची आहे. तेच बिट एका संचात ६४ बिटांच्या एका शब्दात (संगणक एकत्र हाताळतो त्या बिटांच्या गटात) मावलेले असतात, तर दुसऱ्यात पुढे शून्यांचे दोन-चार शब्द मोकळे पडलेले असतात. दोन्ही संच समान असल्याने त्यांचा हॅश कोडही एकच यायला हवा. ॲरेसाठी रूढ असलेली, प्रत्येक पायरीला ३१ ने गुणून पुढचा घटक मिळवण्याची रीत येथे थेट चालत नाही, कारण शेवटचा शून्य शब्दसुद्धा उत्तर बदलून टाकतो.

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या बिटसेट वर्गात याची सोडवणूक सुंदर आहे. आरंभीची किंमत १२३४ धरतात. शब्दांना ० पासून क्रमांक देऊन प्रत्येक शब्दाला त्याच्या क्रमांकापेक्षा एकाने मोठ्या संख्येने गुणतात आणि गुणाकार आधीच्या किमतीशी एक्सऑर करतात (दोन बिट भिन्न तेथे १, समान तेथे ०). शेवटी ६४ बिटांच्या उत्तराचे दोन अर्धे एकमेकांशी एक्सऑर करून ३२ बिटांचा कोड मिळतो. शून्य शब्दाचा गुणाकार शून्यच येतो आणि शून्याशी एक्सऑर केल्याने काही बदलत नाही. त्यामुळे मोकळी जागा आपोआप हिशेबाबाहेर राहते. हे सूत्र वर्गाच्या अधिकृत वर्णनातच दिलेले असल्याने ते गुपचूप सुधारण्याची सोय राहिलेली नाही.

विखुरणीच्या, म्हणजे भिन्न संचांना भिन्न कोड देण्याच्या, दृष्टीने मात्र सूत्र दुबळे आहे. रिकाम्या संचाचा कोड १२३४ येतो. केवळ १२७ वा बिट लावलेल्या (१ केलेल्या) संचाचाही १२३४ च येतो: हा बिट क्र. १ च्या शब्दातील सर्वांत वरचा, आणि २ ने गुणताच तो ६४ बिटांच्या बाहेर पडतो. क्र. ३ च्या शब्दाला ४ ने गुणल्यामुळे २५४ व २५५ हे बिट, तर क्र. ७ च्या शब्दातून ५०९ ते ५११ हे बिट असेच गळतात. विषम संख्येने गुणलेल्या शब्दातून काही गळत नाही. शेवटी दोन अर्धे एकमेकांवर दुमडल्यामुळे फक्त ० वा आणि फक्त ३२ वा बिट लावलेले संच दोन्ही १२३५ देतात. दोन्ही बिट एकत्र लावले की पुन्हा १२३४. आरंभीच्या १२३४ ने या टकरी टळत नाहीत, कारण तो सर्वच कोडांना सारखाच लागू होतो. जावा ८ पासून हॅशमॅप (जावाचा हॅश तक्ता) दाटीच्या कप्प्यातील नोंदी क्रमाने लावून त्यांचे झाड करतो. परंतु बिटसेटमध्ये लहान-मोठे ठरवण्याची सोय नसल्याने, कोड तंतोतंत सारखे असतील तर त्या झाडाचा फारसा लाभ होत नाही.

यापेक्षा गुणवत्तेने सरस पद्धत म्हणजे अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अहवालात, पटावरील खेळांच्या संदर्भात मांडलेली. प्रत्येक स्थानाला एक यादृच्छिक संख्या नेमून देतात आणि लागलेल्या स्थानांच्या संख्यांचा एक्सऑर घेतात. एक बिट पालटला तर पूर्ण संच पुन्हा चाळावा लागत नाही, एक एक्सऑर पुरतो. संख्यांचा तक्ता मात्र सांभाळावा लागतो. म्हणून स्थानांची कमाल संख्या आधी ठाऊक असेल तेथेच ती सोयीची पडते.

बिटसंच बदलता असतो. किल्ली म्हणून तक्त्यात ठेवल्यावर त्यातला बिट पालटला, तर कोड बदलून नोंद सहसा सापडेनाशी होते. तेव्हा प्रत काढून तीच ठेवावी.

सी++११ पासून बिटसेटसाठी प्रमाण हॅश आहे, पण त्याचे सूत्र प्रमाणकात नेमून दिलेले नाही. डॉटनेटचा बिटअ‍ॅरे आशयावरून तुलना करीतच नाही. पायथॉनमध्ये अनेकदा साधा पूर्णांकच बिटसंच म्हणून वापरतात. ६४ बिटांच्या सीपायथॉनमध्ये त्याचा हॅश २ चा ६१ वा घात उणे १ या संख्येने भागून उरलेल्या बाकीवरून ठरतो, त्यामुळे तेथे ० वा व ६१ वा बिट एकमेकांवर आदळतात.