कळकलेलं ताक आणि न कळकणारं विष

ताक 'कळकलं' म्हणजे नासलं नाही, आंबलंही नाही. कल्हई, म्हणजे आतला कथलाचा (टिनचा) मुलामा, उडालेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ राहिला की त्यातलं आम्ल तांबं आणि जस्त विरघळवतं. मग पदार्थावर हिरवट झाक येते, जिभेला धातूची चव लागते आणि तसंच खाल्लं तर मळमळ, उलट्या. स्वयंपाकघरातला रासायनिक धोका नेमका सांगणारं हे क्रियापद नॉनस्टिक आणि प्लास्टिकच्या कितीतरी आधीपासून मराठीत आहे.

नाशिकमध्ये ते घरोघरी रुळलेलं असणं साहजिकच. तांबट लेन आणि भांडी बाजार ही नावंच पुरेशी बोलकी आहेत. १८८३ च्या जिल्हा गॅझेटियरमध्येही इथल्या तांब्या-पितळेच्या कामाची नोंद आहे. नियम साधा होता: पाण्याचा हंडा, कळशी, घंगाळ बिनकल्हईचे चालतील; आमटी, ताक, चिंचगुळाचं काही असेल तर आतून कल्हई हवीच.

कल्हईवाला आधी भांडं घासून लख्ख करतो. भात्याच्या निखाऱ्यांवर ते तापलं की नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) चिमूट टाकतो आणि पांढरा, नाकात झोंबणारा धूर उठतो. त्यातला आम्लवायू तांब्यावरचा काळपट थर खातो. तेवढ्यात कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायची. भांडं कमी तापलं तर कथील गोळ्या धरतं, जास्त तापलं तर पिवळं पडतं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईच्या पातेल्यात कोरडं भाजणं नको. फोडणीही वेगळ्या कढल्यात करून वरून ओतावी. तारेच्या घासणीने कल्हई खरवडली जाते. तळाशी तांबूस डाग दिसू लागले की आंबट बंद, आधी कल्हई.

जिभेच्या या पहाऱ्याला दोन गोष्टी मात्र कधीच सापडल्या नाहीत.

पहिली, दूध. ते आंबट नसतं, त्यामुळे पितळी भांड्यात तापवून ठेवलं तरी कुणाला शंका येत नसे. पण दुधातलं केसिन हे प्रथिन तांबं धरून ठेवतं. लहान मुलांचं यकृत निकामी करणाऱ्या 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस'चं एक संभाव्य कारण म्हणून पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हेच दूध मांडलं: तान्हेपणीच सुरू केलेलं, तांबं उतरलेलं वरचं दूध. आजार सगळ्याच मुलांना होत नसे, म्हणून भांड्याकडे बोट जायला इतका उशीर. स्टीलची पातेली आली आणि हा आजार दुर्मिळ होत गेला. जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा देणाऱ्या बोहारणीचाही त्यात अजाणता वाटा असावा.

दुसरी, शिसं. कथलापेक्षा ते खूप स्वस्त, आणि कथलात मिसळलं की मिश्रण १८३ अंशांपासूनच वितळू लागतं. खर्च कमी, काम सोपं. अशी कल्हई दिसते चंदेरीच आणि अन्न कळकतही नाही. मुलांच्या मेंदूला मात्र शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानलेली नाही. कल्हई समोर बसून करून घ्यावी आणि कांडी आधी पाहावी. शुद्ध कथलाची कांडी वाकवताना करकरते, शिसं मुकाट वाकतं. कागदावर करडी रेघ सहज उमटली तर शिशाचा संशय घ्यावा. ही घरगुती पारख झाली; खात्री प्रयोगशाळेतच होते.

आता तांबं-पितळ हौसेने परत येतंय, तेव्हा ठोकीव आणि ओतीव यांतला फरकही विचारावा. ओतीव पितळेत कातकामाला सोपं जावं म्हणून दोन-तीन टक्के शिसं घातलेलं असू शकतं, आणि भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यात काय काय आहे ते ओतणाऱ्यालाही माहीत नसतं. भंगारातून केलेल्या अॅल्युमिनियमच्या भांड्यांचंही तेच. तांब्याच्या बाटलीत साधं पाणी रात्रभर ठेवायला हरकत नाही. लिंबूपाणी, ताक, सरबत नको. पाण्यातल्या तांब्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. बाटली चिंचेने घासली तर दोनदा खळखळून धुवावी.

गंगाघाटावरून आणलेल्या सीलबंद गडूच्या तोंडाला डाग (धातूचं झाळण) दिलेला असतो. त्या डागात शिसं असू शकतं, तेव्हा तो गडू देवघरातच ठेवावा. फोडून रोजच्या पाण्याला लावू नये.