तळपायांची आग आणि एक मीटर लांबीची पेशी

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४३ अंशांकडे सरकू लागला, की तळपायांची आग होते अशी तक्रार घराघरांतून ऐकू येते आणि तिच्यावरचे निदानही ठरलेले असते: अंगात उष्णता वाढली. मग सब्जा येतो, वाळ्याचे पाणी येते आणि काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळणे सुरू होते. अलीकडे या वाटीची जागा विजेवर फिरणाऱ्या काशाच्या थाळीने घेतली आहे. तिच्यावर पाय ठेवले की काही मिनिटांत तळवे काळे पडतात आणि ‘बघा, किती उष्णता बाहेर पडली’ असे ग्राहकाला सांगितले जाते. निरोगी माणसाचे यात फारसे काही बिघडत नाही. परंतु ज्याला कित्येक वर्षांचा मधुमेह आहे आणि ज्याचे पाय गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीतही रात्रभर जळतात, त्याला हे निदान महागात पडू शकते, कारण त्या पायांत उष्णता नसतेच. असा जळणारा पाय हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूने चाचपून पाहावा. बहुधा तो इतर त्वचेसारखाच लागतो, कधी कधी थंडही लागतो. जळतो आहे तो पाय नव्हे, तर पायाची बातमी मेंदूपर्यंत नेणारा चेतातंतू.

मधुमेहींपैकी सुमारे निम्म्या जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा चेतातंतूंचा हा विकार होतो. त्या सर्वांनाच वेदना होतात असे नाही. अनेकांना काहीच जाणवत नाही आणि तेच अधिक धोक्याचे असते. ज्यांना जाणवते त्यांचे वर्णन मात्र आश्चर्य वाटावे इतके सारखे असते. सुरुवात पायांच्या बोटांपासून होते, दोन्ही पायांत एकाच सुमारास होते, आणि मोजा ओढत जावा तशी ती महिनोन्‌महिने वर चढत राहते. ती गुडघ्यांच्या आसपास पोहोचली, की हातांच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात. रक्तातली साखर तर साऱ्या शरीरात सारखीच खेळत असते. मग तिने नेमकी पायांची बोटेच का निवडावीत? या प्रश्नाचे उत्तर लांबीत आहे.

पायाच्या अंगठ्याचा स्पर्श ज्या चेतापेशीला कळतो, त्या पेशीचे मुख्य अंग अंगठ्याजवळ नसते. ते कमरेच्या मणक्यांलगत, मेरुरज्जूच्या बाजूला असलेल्या एका गाठीत असते आणि त्याचा व्यास मिलिमीटरचा दहावा भागही नसतो. तेथून निघालेला तिचा अक्षतंतू, म्हणजे पेशीचाच लांब धागा, कुल्ल्यातून, मांडीतून, पोटरीतून घोट्याला वळसा घालून बोटाच्या टोकापर्यंत जातो. सरासरी उंचीच्या माणसात ही लांबी सुमारे एक मीटर भरते. मानवी शरीरातल्या सर्वांत लांब पेशी त्या याच. उंच माणसांमध्ये हा विकार काहीसा अधिक आढळतो, हे निरीक्षणही या लांबीशी जुळते.

एवढ्या लांब पेशीची मुख्य अडचण वाहतुकीची असते. पेशीला लागणारी बहुतेक प्रथिने तिच्या मुख्य अंगात, म्हणजे कमरेपाशी तयार होतात आणि वापरली जातात ती एक मीटर दूर. ती तेथवर आपोआप झिरपत जात नाहीत. तेवढ्या अंतरासाठी नुसत्या विसरणाला आयुष्य पुरणार नाही. म्हणून अक्षतंतूच्या आत २५ नॅनोमीटर व्यासाच्या सूक्ष्मनलिकांचे लांबच लांब मार्ग असतात आणि त्यांवरून कायनेसिन नावाचे प्रथिन माल ओढत अक्षरशः पावले टाकत चालते. या प्रथिनाचा शोध १९८५ मध्ये माखळी जातीच्या समुद्री प्राण्याच्या जाडजूड अक्षतंतूवर काम करताना लागला. कायनेसिनला दोन पाय म्हणावेत असे दोन भाग असतात. एक रोवलेला असताना दुसरा पुढे पडतो, प्रत्येक पाऊल ८ नॅनोमीटरचे असते, आणि प्रत्येक पावलाला एटीपी हा ऊर्जावाहक रेणू एक खर्ची पडतो. कमरेपासून अंगठ्यापर्यंत एक पुडके पोहोचवायचे, तर हिशोब होतो साडेबारा कोटी पावलांचा. एकच रेणू सगळे अंतर चालत नाही, मध्ये दुसरे येऊन भार उचलतात. पण पावले तेवढी पडावीच लागतात. रिकामा व टाकाऊ माल आणि टोकाकडचे निरोप घेऊन डायनिन नावाचे दुसरे प्रथिन उलट दिशेने कमरेकडे येत असते.

या वाहतुकीला दोन वेग आहेत. पटलांत गुंडाळलेली पुडकी दिवसाला २० ते ४० सेंटीमीटर जातात, म्हणजे तीन-पाच दिवसांत अंगठा गाठतात. परंतु अक्षतंतूचा सांगाडा ज्या प्रथिनांचा बनतो, ती दिवसाला जेमतेम एखादा मिलिमीटर सरकतात. आज कमरेपाशी तयार झालेले असे प्रथिन अंगठ्यापर्यंत पोहोचायला पावणेतीन वर्षे लागतील. ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकाही याच मार्गांवरून टोकाकडे न्याव्या लागतात. वाटेत ऊर्जेचा तुटवडा पडला तर ऊर्जा बनवणारी यंत्रणाच पुढे पोहोचत नाही आणि तुटवडा आणखी वाढतो. सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या कालव्यावर शेती असलेल्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही: वर कुठेही गळती झाली, तरी पाणी आधी तुटते ते टेलच्या शेतकऱ्याचे. दोन्ही पायांच्या अक्षतंतूंची लांबी सारखीच असल्याने तुटवडाही दोन्हीकडे एकाच सुमारास जाणवतो. उलट, दुखणे एकाच पायात असेल तर मणक्यातली दबलेली नस किंवा पायाचा अपुरा रक्तपुरवठा यांचा विचार आधी करावा लागतो.

आता साखर नेमके काय करते? स्नायूंच्या पेशीत ग्लुकोज शिरायला बऱ्याच अंशी इन्सुलिनची परवानगी लागते. चेतापेशीत तशी अट नसते, त्यामुळे रक्तात साखर वाढली की ती आतही वाढते. तेथे अल्डोज रिडक्टेज नावाचे विकर (एन्झाइम) या जादा ग्लुकोजचे सॉर्बिटॉल करू लागते आणि त्या कामात एनएडीपीएच हा रेणू खर्च होतो. हाच रेणू ग्लुटाथायोन या पेशीतल्या संरक्षक द्रव्याला पुन्हा कामाला लावण्यासाठी हवा असतो, तो कमी पडतो. दुसरीकडे तंतुकणिकांवर जादा इंधनाचा मारा होऊन त्यांतून ऑक्सिजनचे विध्वंसक रेणू बाहेर पडतात आणि त्यांना आवरणारे संरक्षण आधीच ढिले झालेले असते. तिसरीकडे चेतातंतूंना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. रक्तातली चरबी वाढलेली असेल तर तीही या हानीत भर घालते. वरच्या वाहतुकीला लागणारी ऊर्जा आणि तिचे मार्ग, दोन्ही अशा रीतीने एकाच वेळी अडचणीत येतात. अल्डोज रिडक्टेजला रोखणारे एपालरेस्टॅट हे औषध जपानमध्ये आणि आपल्याकडे वापरले जाते; कल्पना सुंदर असली तरी या गटातल्या औषधांनी प्रत्यक्षात दिलेले यश माफकच आहे, आणि टॉलरेस्टॅट हे त्यांतलेच एक औषध यकृताला अपाय करत असल्यामुळे १९९६ मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले.

यातून बधिरता कळते. आग कशी कळावी? त्वचेतल्या ज्या बारीक चेतातंतूंना उष्णता समजते, त्यांच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचे एक प्रथिनाचे दार असते. ते सुमारे ४३ अंश सेल्सिअसला उघडते आणि ‘भाजते आहे’ असा संदेश वर जातो. मिरचीतले कॅप्साइसिनही हेच दार उघडते. शेंगाचटणीचा घास तोंडात जाळ करतो तो चटणी गरम असते म्हणून नव्हे. या दाराचा शोध १९९७ मध्ये लागला आणि त्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूला तापमान दिसत नाही, त्याला फक्त कोणत्या तंतूतून संदेश आला एवढेच कळते. उपासमार झालेल्या, अर्धवट तुटलेल्या तंतूंच्या पटलांवर सोडियम आत सोडणाऱ्या वाहिन्यांचा समतोल बिघडतो आणि हे तंतू कोणतेही कारण नसताना संदेश सोडू लागतात. मेंदू त्याचा अर्थ शिकल्याप्रमाणे लावतो: पाय निखाऱ्यावर आहे. असे निरोप सतत येत राहिले की मेरुरज्जूतल्या पुढच्या पेशीही हळव्या होतात आणि मग सोलापुरी चादरीचा साधा स्पर्शही सहन होत नाही. रात्री दिवसभराचे इतर स्पर्श व कामे थांबलेली असतात, म्हणून वेदना अधिक ठळक होते. पायांशी पाट किंवा लाकडी चौकट ठेवून चादर तिच्यावर सोडली, तर पांघरूण मिळते आणि स्पर्श टळतो.

एकाच पायात आग आणि बधिरता एकत्र नांदतात त्याचेही कारण हेच. काही तंतू मेलेले असतात, काही जखमी अवस्थेत ओरडत असतात. म्हणून रात्रभर पाय जळतात असे सांगणाऱ्या माणसाला सकाळी पायातून चप्पल निसटल्याचा पत्ता लागत नाही.

या वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. शिवाय डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या वारंवार घेतल्यास मधुमेहाने आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर ताण येतो. उपयोगी पडतात ती चेतासंस्थेवर काम करणारी औषधे. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन ही मेरुरज्जूतल्या तंतूंच्या टोकांवरील कॅल्शियम-वाहिन्यांच्या एका भागाला चिकटतात. हा भागसुद्धा कमरेजवळच्या गाठीतून वाहतुकीनेच तेथे पोहोचतो आणि प्राण्यांवरील प्रयोगांत ही औषधे ती आवक कमी करतात असे दिसले आहे. ड्युलोक्सेटिन आणि ॲमिट्रिप्टिलिन ही मुळात नैराश्यावरची औषधे मेंदूकडून खाली येणारा वेदनारोधक प्रवाह बळकट करतात. ‘मला वेड लागलेले नाही’ म्हणून ती नाकारण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये या औषधांची तुलना करणारी एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन यांपैकी कशानेही सुरुवात केली तरी गुण सारखाच आढळला, आणि एकाने पुरेसा आराम पडला नाही तेव्हा दुसरे जोडल्याने फायदा झाला. मात्रा कमीपासून हळूहळू वाढवावी लागते, गुंगी येते, वयस्कर माणूस रात्री उठताना पडू शकतो, आणि हृदयाचा किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना ॲमिट्रिप्टिलिन जपूनच दिले जाते. वेदना निम्म्याने उतरली तरी उपचार यशस्वी मानला जातो. ही औषधे तंतू दुरुस्त करत नाहीत.

मिरचीचाही औषधी उपयोग आहे. कॅप्साइसिनच्या मोठ्या मात्रेने ते दार इतका वेळ उघडे राहते की तंतूचे टोक काही काळ निकामी होते. ८ टक्के कॅप्साइसिनच्या पट्टीला अमेरिकेत २०२० मध्ये मधुमेहींच्या पायांच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायची असते. घरची तिखटाची पूड बधिर पायाला चोळणे म्हणजे जखम ओढवून घेणे होय.

काशाच्या वाटीने बरे वाटते हे खोटे नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले, की स्पर्शाच्या जाड तंतूंतून आलेले संदेश मेरुरज्जूतच वेदनेच्या बारीक तंतूंची वाट काही अंशी अडवतात. त्यांच्या आराखड्यातले बारकावे पुढे बदलले, पण चोळल्याने दुखणे दबते त्यामागची मुख्य कल्पना टिकली. शिवाय या विकारात घाम कमी होऊन कातडी कोरडी पडते, तिला तुपाचा ओलावा मिळतो. काळा रंग मात्र तुपात मिसळलेल्या काशाच्या कणांचा असतो; उष्णतेला रंग नसतो. यंत्राच्या थाळीवर बधिर पाय घासला जाताना कातडी सोलली तरी कळणार नाही, हा खरा प्रश्न आहे.

‘नसांच्या ताकदीची’ इंजेक्शने आणि गोळ्या याहून अधिक खपतात. बी१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने अगदी असाच विकार होतो, शाकाहारी माणसांत ती कमतरता पुष्कळ आढळते आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी१२ उतरू शकते. म्हणून त्याची तपासणी करावी आणि कमी असेल तर ते जरूर घ्यावे. कमी नसताना घेऊन उपयोग नाही. या गोळ्यांत बी६ सुद्धा असते आणि त्याची जादा मात्रा दीर्घकाळ घेतल्यास तीच चेतातंतूंना इजा करते, ही गोष्ट औषधाच्या दुकानात क्वचितच सांगितली जाते. पायांवर फिकट, बधिर चट्टे असतील तर कुष्ठरोगाची तपासणीही टाळू नये.

साखर आटोक्यात ठेवण्याचा लाभ पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्पष्ट आहे: १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात काटेकोर नियंत्रणाने हा विकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. दुसऱ्या प्रकारात लाभ बराच कमी दिसतो. तेथे वजन, चरबी, रक्तदाब आणि तंबाखू यांचाही हिशोब असतो. यात एक विचित्र अपवाद आहे. वर्षानुवर्षे चढलेली साखर एकदम उतरवली, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीएवनसीचा आकडा दोनहून अधिक अंकांनी तेवढ्याच काळात खाली आणला, तर काहींच्या पायांत नव्यानेच तीव्र आग सुरू होते. ती बहुधा काही महिन्यांत ओसरते. औषध ‘लागू पडले नाही’ असे समजून ते सोडून देणे ही तेव्हाची चूक ठरते.

कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांत आणि आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर मधुमेही पुष्कळ असतात, त्यांतले काही अनवाणीही असतात. पायांची जाणीव शिल्लक आहे की नाही, हे आधी तपासून घेणे शक्य आहे: १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून आणि १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याला लावून ही तपासणी पाच मिनिटांत होते, आणि मधुमेहींनी ती वर्षातून एकदा मागून घ्यावी. तंतूचा दाब कळत नसेल, तर अनवाणी चालणे, तापलेल्या फरशीवरची प्रदक्षिणा आणि गरम पाण्यात पाय शेकणे बंद करावे; पाणी किती गरम आहे हे कोपराने पाहावे, चपलेत पाय घालण्याआधी आत हात फिरवावा, तळवे रोज आरशात पाहावेत आणि घट्टे पात्याने कापू नयेत. आणि सुरुवातीला सांगितलेल्या हाताच्या चाचणीत एकच पाय खरोखर गरम, लाल व सुजलेला लागला, तर वेदना असो वा नसो, त्यावर भार न टाकता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा, कारण तो जंतुसंसर्ग असू शकतो किंवा आतली हाडे ढासळू लागल्याची खूण असू शकते.