गोंदणातील धार्मिक चिन्हे

देवतेचे नाव, रूप किंवा चिन्ह सुईने कातडीत रंग टोचून अंगावर कायमचे उमटवून घेण्याची प्रथा. महाराष्ट्रात हिला ‘गोंदणे’ किंवा ‘गोंदवून घेणे’ म्हणतात. शहरात ‘टॅटू’ हा शब्द रुळला आहे. अशा चिन्हाचा अर्थ त्याच्या आकारावरून जेवढा लागतो, तेवढाच ते अंगावर कुठे आहे यावरूनही लागतो. त्यावरून उठलेले बहुतेक वादही जागेचेच आहेत.

जुन्या पद्धतीत दोन-तीन सुया दोऱ्याने घट्ट बांधतात, दिव्याची काजळी पाण्यात किंवा पाल्याच्या रसात कालवतात, काडीने हातावर नक्षी काढतात आणि त्या रेघेवरून टोचत जातात. वर हळद दाबली जाते. खपली पडली की खाली हिरवट-निळी रेघ दिसते. काजळी काळीच असते, पण कातडीच्या आतून ती निळसर भासते. गोंदणारीण गावात आली की माहेरवाशिणी आणि लहान मुली ओसरीवर हात पुढे करून बसत, आणि दुखणे विसरावे म्हणून ती बोलत, गात राही. कपाळावर व हनुवटीवर ठिपका, हातावर तुळस किंवा तुळशीवृंदावन, स्वस्तिक, सूर्य-चंद्र, नाग, विंचू या नेहमीच्या खुणा. पुरुषांच्या दंडावर मारुती, त्रिशूळ, महादेवाची पिंड. ज्या नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ते बाईच्या हातावर मात्र गोंदलेले असे. मेल्यावर दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत म्हाताऱ्या बायका आजही मनापासून सांगतात. गडचिरोलीतील माडिया गोंड बायकांच्या चेहऱ्यावर, हातापायांवर जे गोंदण असते, त्याची नक्षी या सगळ्याहून निराळी आहे.

अंगावरचे नाव हाच धर्म झाला, असे ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या शेजारी छत्तीसगडमध्ये आहे. आजच्या जांजगीर-चांपा परिसरातील चारपारा गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परशुराम नावाच्या दलित भक्ताने रामनामी पंथ सुरू केला. मंदिरात पाऊल टाकायला ज्यांना बंदी होती, त्यांनी रामाचे नाव स्वतःच्या कातडीवर घेतले. हा राम अयोध्येच्या राजवाड्यातला नव्हे, तर निर्गुण, सगळ्यांत भरून असलेला. मूर्ती नाही, पुजारी नाही. मोरपिसांचा मुकुट, पायांत किंवा हातात घुंगरू आणि ‘राम राम’ लिहिलेली पांढरी चादर घेऊन भजन करायचे. कपाळावर नाव असलेला तो शिरोमणी, पूर्ण कपाळभर असलेला सर्वांग रामनामी आणि डोक्यापासून पायापर्यंत गोंदलेला तो नखशिख रामनामी. पापण्यांवरसुद्धा ‘राम’ गोंदवून घेतलेली माणसे या पंथात होऊन गेली. देवळाच्या दारात ज्याला अडवले, त्याच्या अंगावरून देवाचे नाव कोण पुसणार? या प्रथेमागचे धैर्य विसरून नुसती तिची छायाचित्रे पाहणे हा रामनाम्यांवर अन्याय आहे. कामासाठी शहरात जाणारी नवी पिढी आता अंगभर गोंदून घेत नाही. पौषात महानदीकाठच्या वार्षिक भजन मेळ्यात मात्र पंथ एकत्र येतो.

मध्वाचार्यांच्या वैष्णव माध्व संप्रदायात सुई नसते, पण खूण असते. आषाढी एकादशीला शंख व चक्र यांच्या तापवलेल्या धातूच्या मुद्रा अंगावर उमटवून घेतात, तिला तप्तमुद्रा म्हणतात. रोजच्या गोपीचंदनाच्या मुद्रा हे तिचे पुसले जाणारे रूप.

बायबलच्या जुन्या करारातील ‘लेवीय’ पुस्तकात (१९:२८) गोंदण्याला मनाई आहे. तरी इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला लहानसा क्रूस गोंदवतात, अगदी लहान मुलांच्याही. अल्पसंख्य समाजासाठी ती ओळखीची खूण आहे. मूळचे इजिप्तचे रझूक घराणे जेरुसलेममध्ये पिढ्यान्‌पिढ्या ऑलिव्हच्या लाकडी ठशांवरून यात्रेकरूंना अशीच चिन्हे गोंदून देत आले आहे.

विजेच्या गोंदणयंत्राचे पेटंट न्यूयॉर्कमध्ये १८९१ साली घेतले गेले. आज महाराष्ट्रातील जत्रांत रस्त्याकडेला बॅटरीवर चालणारे मशीन आणि नमुन्यांचा फलक घेऊन गोंदणारे बसलेले दिसतात. फलकावर ॐ, त्रिशूळ, ‘महाकाल’, राजमुद्रा आणि बदाम शेजारी शेजारी असतात. आंबेडकरी तरुण ‘जय भीम’, धम्मचक्र, अशोकचक्र गोंदवतात. स्टुडिओत हीच चिन्हे छायाप्रकाशासह, सबंध पाठभर काढून मिळतात. एका ग्राहकानंतर सुई बदलते का, हे जत्रेत पाहिलेच पाहिजे. नाहीतर काविळीसारखे रक्तातून पसरणारे आजार होऊ शकतात.

जागेचा वाद इथेच सुरू होतो. थायलंडच्या ‘साक यांत’ नावाच्या गोंदण-परंपरेत पवित्र यंत्रे कमरेच्या वर गोंदतात. खाली गोंदणे हा अवमान. बंगळूरमध्ये २०१५ साली एका ऑस्ट्रेलियन तरुणाला नडगीवर यल्लम्मा गोंदल्याबद्दल जमावाने घेरले आणि पोलीस ठाण्यात त्याच्याकडून माफीपत्र लिहून घेतले गेले. त्याच्या पाठीवर मोठा गणपती होता. भडका उडाला तो पायावरच्या देवीवरून. २०१४ साली श्रीलंकेने दंडावर बुद्ध गोंदलेल्या ब्रिटिश पर्यटक महिलेला परत पाठवले, तिथे तर जागाही नव्हे, अंगावर बुद्ध असणेच खटकले. स्वस्तिकाचे आणखी अवघड आहे. नाझी पक्षाने १९२० मध्ये ते झेंड्यावर घेतल्यापासून आपल्या उंबऱ्यावरचे मंगलचिन्ह युरोपात दहशतीची खूण म्हणून ओळखले जाते.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत धार्मिक चिन्हाला किंवा नावाला हरकत नसते, पण ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूला हवे, कारण सलामी उजव्या हाताने होते. उजव्या हातावर देव गोंदवून घेतलेले उमेदवार वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरले आहेत, आणि काहींनी त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले आहे.