डिस्क पोहोचली, पण संगणक सुरू होईना

चिप आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये आभासी संगणकांचे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली आणि थोड्याच दिवसांत तिच्या उत्पादनांचे कायमस्वरूपी परवाने बंद करून वर्गणीची पद्धत लागू केली. तेव्हापासून जगभरातल्या अनेक संस्था आपले आभासी संगणक, म्हणजेच एका खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरच्या आधारे चालणारी व्हर्च्युअल मशीन, व्हीएमवेअरमधून काढून हायपर-व्ही, प्रॉक्समॉक्स किंवा लिनक्समधल्या केव्हीएम या सोयीवर आधारलेल्या इतर प्रणालींकडे हलवत आहेत. या बातम्यांबरोबर एका जुन्या गैरसमजाने पुन्हा डोके वर काढले आहे. आभासी संगणक म्हणजे शेवटी एक फाइलच, ती एका प्रोग्रॅममधून उचलून दुसऱ्यात ठेवली की झाले, असे अनेकांना वाटते. काही जण तर फाइलच्या नावातले शेवटचे ‘व्हीएमडीके’ (व्हीएमवेअरच्या डिस्क-फाइलचा प्रकार) खोडून तिथे ‘व्हीडीआय’ (व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅमचा प्रकार) लिहितात आणि ती उघडेल अशी अपेक्षा ठेवतात. नाव बदलल्याने फाइलच्या आतला एकही बिट बदलत नाही, त्यामुळे हा उपाय मंत्र पुटपुटून पाणी शिंपडण्याच्याच जातीचा आहे.

खरी अडचण कुठे असते हे कळण्यासाठी आभासी संगणकात खरे किती आणि आभासी किती, हे आधी वेगळे केले पाहिजे. त्यातला प्रोसेसर बव्हंशी खरा असतो. पाहुण्या, म्हणजे आभासी संगणकातल्या, ऑपरेटिंग सिस्टिमच्या बहुतेक सूचना यजमान, म्हणजे तो चालवणाऱ्या खऱ्या, संगणकाच्या प्रोसेसरवर थेट चालतात, आणि यंत्राचा ताबा ज्यांच्यामुळे बदलू शकतो अशा मोजक्या सूचना आल्या की तेवढ्यापुरते नियंत्रण हायपरव्हायजरकडे, म्हणजे आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, जाते. अशी विभागणी कोणत्या प्रोसेसरवर शक्य आहे याची काटेकोर अट जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली मांडली. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये या कामाची सोय प्रोसेसरमध्येच करून दिली. त्यामुळे दोन्हीकडचे प्रोसेसर एकाच घराण्यातले असतील, तर स्थलांतरात त्यांची अडचण सहसा येत नाही.

आभासी असतात ती उपकरणे. डिस्कचा कंट्रोलर (डिस्क संगणकाला जोडणारे उपकरण), नेटवर्क कार्ड, पडद्याचे कार्ड ही सगळी हायपरव्हायजरने सॉफ्टवेअरमधून उभी केलेली असतात आणि प्रत्येक प्रोग्रॅमची निवड वेगळी असते. व्हर्च्युअलबॉक्स इंटेलच्या प्रो/१००० या जुन्या, सर्वांना ओळखीच्या नेटवर्क कार्डाची नक्कल करतो. व्हीएमवेअरमध्ये एलएसआय लॉजिक या कंपनीच्या स्कझी प्रकारच्या डिस्क कंट्रोलरची नक्कल मिळते आणि शिवाय पीव्हीस्कझी हा व्हीएमवेअरचा स्वतःचा कंट्रोलरही असतो. केव्हीएमच्या जगात व्हर्टआयओ ही उपकरणे वापरतात, ज्यांची कल्पना लिनक्सचे विकासक रस्टी रसेल यांनी २००८ सालच्या शोधनिबंधात मांडली होती. ती धातू आणि सिलिकॉनच्या रूपात घडवण्यासाठी आखलेलीच नव्हती. पाहुणा आणि यजमान यांनी सामायिक मेमरीतल्या रांगेत विनंत्या ठेवायच्या आणि उचलायच्या, एवढाच तो करार आहे, आणि खऱ्या उपकरणाची बारीकसारीक नक्कल करण्याचा खर्च टळत असल्यामुळे तो वेगवानही आहे.

डिस्कच्या फाइलचे रूपांतर त्या मानाने सोपे असते. शंभर जीबीची आभासी डिस्क यजमानाच्या डिस्कवर वीस जीबीच जागा व्यापू शकते, कारण ज्या भागांवर पाहुण्याने कधी लिहिलेलेच नाही ते फाइलमध्ये साठवलेले नसतात. कोणता भाग फाइलमध्ये कुठे आहे याचा तक्ता फाइलच्या आतच असतो आणि त्याची रचना प्रकारागणिक बदलते. केव्हीएमच्या जगातला क्यूकाऊ-२ हा प्रकार साधारणपणे ६४ केबीचे तुकडे करून दुहेरी तक्ता ठेवतो, तर व्हीडीआय एक एमबीचे तुकडे करून एकच तक्ता ठेवतो. क्यूएमू-इमेजसारखा प्रोग्रॅम जुन्या तक्त्यावरून पाहुण्याला दिसणारी डिस्क ओळीने वाचतो आणि नव्या तक्त्यानुसार लिहून काढतो. दोन्ही फाइलींतून दिसणारी डिस्क तंतोतंत सारखी आहे की नाही, हे त्याच प्रोग्रॅमच्या तुलनेच्या आज्ञेने पडताळताही येते. ही पडताळणी निर्दोष निघाली आणि तरीही संगणक सुरू झाला नाही, तर मात्र माणसे गोंधळून जातात आणि रूपांतर पुन्हा पुन्हा करत बसतात.

या विषयातला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग इथेच आहे. संगणक सुरू होतो तेव्हा पहिल्यांदा डिस्क वाचते ती ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे, तर बायॉस किंवा यूईएफआय हे फर्मवेअर. हे फर्मवेअर नव्या हायपरव्हायजरने दिलेले असते, म्हणून नवा कंट्रोलर त्याच्या ओळखीचा असतो. ते बूटलोडरला मेमरीत आणते. बूटलोडरकडे डिस्कचा स्वतःचा ड्रायव्हर सहसा नसतो, तो फर्मवेअरलाच सांगून ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो. इथपर्यंत सारे सुरळीत चालते आणि पडद्यावर ओळखीचे चिन्हही उमटते. त्यानंतर हस्तांतर होते. यूईएफआयमध्ये ‘एक्झिट बूट सर्व्हिसेस’ नावाची विनंती केली जाते आणि त्या क्षणापासून फर्मवेअरची डिस्क वाचण्याची सेवा संपते. बायॉसच्या काळातही प्रोसेसर आधुनिक पद्धतीत गेल्यावर बायॉसची जुनी १६-बिटी सेवा वापरता येत नसे. आता कर्नलला डिस्क स्वतःच्या ड्रायव्हरने, म्हणजे त्या उपकरणाशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, वाचायची असते, आणि नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर मेमरीत नसेल तर तो आणण्यासाठी जी डिस्क वाचायला हवी, ती वाचण्यासाठीच त्या ड्रायव्हरची गरज असते. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार ओढून घ्यावे, तशी ही कोंडी आहे.

अर्थात, ही कोंडी खऱ्या संगणकातही असते आणि ऑपरेटिंग सिस्टिम घडवणाऱ्यांनी तिच्यावर तोड काढलेली आहे. हस्तांतरापूर्वी, फर्मवेअरची सेवा चालू असतानाच, आवश्यक ड्रायव्हर कर्नलच्या बरोबरीने मेमरीत आणून ठेवायचे, ही ती तोड. विंडोजमध्ये प्रत्येक ड्रायव्हरची नोंद रजिस्ट्री या विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत असते आणि त्या नोंदीत ‘स्टार्ट’ नावाचा एक आकडा असतो. तो ० असेल तर बूटलोडर तो ड्रायव्हर हस्तांतरापूर्वी उचलतो, ३ असेल तर ड्रायव्हर गरज पडेल तेव्हाच येतो. व्हीएमवेअरवर बसवलेल्या विंडोजमध्ये व्हीएमवेअरच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर आधी उचलायच्या यादीत असतो. नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर त्या यादीत नसतो, आणि व्हर्टआयओचा तर विंडोजबरोबर मुळातच येत नाही. परिणामी निळा पडदा येतो आणि त्यावर 0x0000007B हा सांकेतिक आकडा किंवा ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ ही शब्दावली दिसते. फाइल बिघडल्याची ती खूण नाही. डिस्क शाबूत आहे आणि ती वाचणारा कर्नलजवळ कोणी नाही, इतकाच तिचा अर्थ.

लिनक्समध्ये हेच काम इनिटरॅमएफएस नावाची छोटी संग्रह-फाइल करते. डेबियन घराण्यात त्या संग्रहात नेहमीच्या वापरातले बहुतेक ड्रायव्हर भरलेले असतात, म्हणून तिथे स्थलांतर अनेकदा विनासायास पार पडते. रेड हॅट घराण्यात मात्र ज्या यंत्रावर संग्रह तयार झाला त्या यंत्रापुरतेच ड्रायव्हर घेण्याचा प्रघात आहे, त्यामुळे स्थलांतरित संगणक मूळ डिस्कची वाट पाहून पाहून आणीबाणीच्या कमांड ओळीवर थांबतो. तिथे बूटच्या यादीतली ‘रेस्क्यू’ ही नोंद कामी येते, कारण तिचा संग्रह यंत्रनिरपेक्ष असतो. तिच्यातून आत शिरून नेहमीचा संग्रह ड्रॅकट या साधनाने नव्याने बांधला की प्रश्न सुटतो.

विंडोजसाठीचा उपायही याच तत्त्वावर उभा आहे. स्थलांतरित डिस्क आधी साटा किंवा आयडीई अशा साध्या कंट्रोलरला जोडून संगणक सुरू करावा. शेजारी एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ कंट्रोलरला जोडावी. विंडोजला नवे उपकरण दिसते, त्याचा ड्रायव्हर बसवता येतो आणि तो सुरुवातीलाच उचलायच्या यादीत जातो. मग संगणक बंद करून मूळ डिस्क व्हर्टआयओला जोडली की विंडोज सुरळीत उघडते. ती रिकामी डिस्क काढून टाकली तरी चालते. व्हर्ट-व्ही२व्ही हे साधन याहून पुढे जाते आणि बंद असलेल्या डिस्कच्या आत शिरून ड्रायव्हर आणि नोंदी आधीच पेरून ठेवते.

म्हणूनच ‘एका क्लिकमध्ये स्थलांतर’ अशा जाहिराती वाचताना ते साधन पाहुण्याच्या आत हात घालते की नुसती फाइल बदलते, हे विचारले पाहिजे. ओव्हीएफ हे २००९ साली डीएमटीएफ या प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेले वेष्टनही अनेकदा रामबाण म्हणून सांगितले जाते. डिस्क कोणती, मेमरी किती, नेटवर्क कार्डे किती, याची यादी त्यात नीट लिहिलेली असते. पण पाहुण्याच्या आत कोणता ड्रायव्हर तयार ठेवायचा, हे त्या यादीने ठरत नाही.

उरलेल्या बाबी लहान आहेत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या एखाद्या क्षणाच्या जपून ठेवलेल्या अवस्था, असतील तर ते आधी मूळ डिस्कमध्ये विलीन करावेत, कारण स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या फाइलींत साठलेले असतात. संगणक झोपवलेल्या अवस्थेत हलवू नये, पूर्ण बंद करावा. मेमरीच्या जतन केलेल्या चित्रात जुन्या उपकरणांची अवस्था गोठलेली असते आणि ती नव्या ठिकाणी निरुपयोगी ठरते. पाहुण्याच्या आत बसवलेली व्हीएमवेअर टूल्स ही सहायक साधने जुन्या घरी असतानाच काढून टाकावीत, कारण व्हीएमवेअरबाहेर त्यांचा विस्थापक चालायला नकार देतो. बायॉसवर बसवलेली सिस्टिम नव्या ठिकाणी बायॉसवरच आणि यूईएफआयवरची यूईएफआयवरच ठेवावी. विंडोजची बिटलॉकर ही डिस्क-कुलूपबंदी वापरात असेल तर पुनर्प्राप्तीची ४८ अंकी किल्ली आधी लिहून घ्यावी, कारण किल्ल्या सांभाळणारी आभासी टीपीएम चिप डिस्कबरोबर येत नाही. नेटवर्क कार्ड बदलल्यामुळे लिनक्समध्ये त्याचे नाव ‘ईएनएस३३’चे ‘ईएनपी०एस३’ असे काहीतरी होते आणि जुन्या नावावर लिहिलेला स्थिर आयपी पत्ता लागू होत नाही. तो नव्या नावावर लिहून झाल्यावर मूळ संगणक पुन्हा चालू करायचाच असेल, तर त्याचे नेटवर्क आधी तोडावे, नाहीतर एकाच पत्त्यावर दोन संगणक उत्तर देऊ लागतील.