शुगरचं पीठ दळायला टाकण्याआधी

घरात कुणाला शुगर निघाली की दुसऱ्या दिवशी त्या घरचं दळण बदलतं, हे आम्ही गिरणीवर रोज पाहतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, त्यामुळे 'शुगरवाल्यांसाठी कुठलं पीठ चांगलं?' हा प्रश्न आता गल्लीतल्या प्रत्येक घराचा झाला आहे. काउंटरवर गर्दीत नीट बोलणं होत नाही, म्हणून हे पत्रक दळणाच्या डब्यासोबत देतो आहोत.

आधी सर्वात महत्त्वाची विनंती. धान्यं घरीच एका पिशवीत मिसळून आणू नका.

मोबाईलवर आलेली यादी पाहून गहू, ज्वारी, नाचणी, सोयाबीन, मेथी, जवस असं सगळं एकत्र करून मंडळी घेऊन येतात. गव्हाच्या बेताने दगडांत अंतर ठेवलं की नाचणीचा बारीक दाणा अर्धवट भरडून खाली येतो. नाचणीसाठी दगड जवळ घेतले की गहू मैद्यासारखा बारीक होतो, पीठ तापतं आणि करपल्याचा वास येतो. पीठ जितकं बारीक तितकं ते लवकर पचतं आणि जेवणानंतरची साखर लवकर चढते. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातचं जातं.

जवसाचं तर विचारूच नका. त्यात जवळजवळ ४० टक्के तेल असतं. मूठभर जवस पिशवीत असलं तरी दगडाला चिकट थर बसतो, पीठ झोळात उतरेनासं होतं, मग गिरणी थांबवून दगड उघडायचा, खरवडायचा, वेळप्रसंगी टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने दगडाला पुन्हा खाचा पाडायच्या. तोवर मागे रांग ताटकळते. जवस अंगाला चांगलंच आहे, पण त्याची जागा चटणीत. मंद आचेवर भाजा, लसूण-तिखट घालून कुटा आणि रोज जेवणात चमचाभर घ्या. सोयाबीनही तेलकट, म्हणून ते भाजून, वेगळ्या पुडीत आणा. धुतलेलं धान्य दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळलेलं हवं. ओलसर धान्य आम्ही परत पाठवतो, याचा काहींना राग येतो. पण ते दळलं तर दगड भरतो आणि तुमच्या पिठाला चार दिवसांत जाळी धरते.

वेगवेगळं आणलंत तर आम्ही प्रत्येक धान्य त्याच्या बेताने दळतो आणि शेवटी तुमच्यासमोर मिसळून देतो. यासाठी किलोमागे थोडा जास्त दर लावतो, कारण दर धान्याला दगड नव्याने जुळवावा लागतो. यात तुमचा आणखी एक फायदा आहे. रिपोर्ट वर-खाली झाला आणि डॉक्टरांनी प्रमाण बदलायला सांगितलं, तर पुढच्या दळणात ते बदलता येतं.

आता मुख्य गैरसमज. 'पोळी बंद केली, ज्वारीची भाकरी सुरू केली, तरी शुगर हलेना' ही तक्रार वारंवार ऐकू येते. गव्हाचं असो की ज्वारीचं, १०० ग्रॅम पिठात पिष्टमय भाग साधारण ६५ ग्रॅमच्या आसपास असतो. फुलक्याला २५-३० ग्रॅम पीठ लागतं, हातावर थापलेल्या भाकरीला ५०-६० ग्रॅम सहज जातं. दोन फुलक्यांच्या जागी दोन भाकरी आल्या की पीठ दुप्पट झालं. ज्वारीत चोथा आहे, ती पोटाला धरून राहते, म्हणून आम्ही ती आवर्जून सुचवतो. पण भाकरी लहान थापा, आणि एकदा तरी एका भाकरीचं पीठ काट्यावर तोलून पाहा. आमचा काटा त्यासाठी कधीही वापरा.

नाचणीचंही तसंच आहे. भाकरी ठीक, पण पातळ गोड आंबील शुगरवाल्याने पौष्टिक समजून पेलाभर पिऊ नये.

पिठाचा गुण खरा वाढतो तो डाळीने. ५ किलोच्या दळणात आम्ही ३ किलो गहू, १ किलो ज्वारी, १ किलो सालासकट हरभरा आणि ५० ग्रॅम मेथी सुचवतो. मेथी याहून जास्त झाली तर पोळी कडू लागते आणि घरातली मुलं हात लावत नाहीत. कोंडा चाळून टाकू नका, हे तर सगळ्यांना माहीत आहे, तरी चाळण फिरतेच.

बाजरी आठवड्यापुरतीच दळा, पीठ लवकर कडू होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते. महिन्याचं दळण एकदम नेण्यापेक्षा थोडं थोडं न्या. किलोभरसुद्धा आम्ही दळून देतो.

ताटात आधी कोशिंबीर आणि पालेभाजी, मग उसळ-आमटी, शेवटी भाकरी, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं. याचा फरक जेवणानंतरच्या तपासणीत बऱ्याच जणांना दिसतो. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र भाकरी-भात एकदम कमी करू नका. साखर ७० च्या खाली गेली तर घाम, थरथर आणि चक्कर येते, म्हणून प्रमाण कमी करण्याआधीच डॉक्टरांना विचारा. आमचं पीठ औषधाची जागा घेत नाही आणि तसं आम्ही कुणाला सांगतही नाही.

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणि सालासकट हरभरा निवडून, वाळवून गिरणीतच ठेवलेला असतो. ज्यांना घरी निवडायला वेळ नाही त्यांनी आदल्या संध्याकाळी प्रमाण लिहून चिठ्ठी द्यावी, सकाळी दळण तयार मिळेल. चिठ्ठीवर नाव आणि 'जाडसर' की 'मध्यम' एवढं लिहायला विसरू नका.