विमानातून उतरणारी चिलखती गाडी

ऑक्टोबर २०२४मध्ये बडोद्यात सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, तेव्हापासून दांडिया बाजारात कुणी ना कुणी विचारतंच : या विमानाच्या मागच्या दारातून छत्रीधारी जवान उड्या मारतात, मग रणगाडा का नाही? प्रश्न रास्त आहे. हे विमान साधारण ९ टन ओझं नेतं आणि टी-९० रणगाडा एकटाच ४६ टनांचा.

पण मुळात हवेतून टाकण्यासाठीच घडवलेल्या गाड्या असतात. सोव्हिएत संघाने १९६९मध्ये सैन्यात घेतलेली बीएमडी-१ जेमतेम साडेसात टनांची. त्यात ७३ मिलिमीटरची तोफ, २४० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, वर पाण्यात पोहण्याची सोय! हे जमलं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूमुळे. पोलादाच्या तुलनेत त्याची घनता जवळपास एक तृतीयांश, म्हणून तेवढ्याच वजनात पत्रा जाड ठेवता येतो. जाडी वाढली की ताठपणा तिच्या घनाच्या पटीत वाढतो आणि आतल्या सांगाड्याचं बरंच वजन वाचतं. तरी सी-२९५मध्ये ही गाडी शिरणार नाही. तिची रुंदी २.६ मीटरच्या वर, विमानाची केबिन जेमतेम २.७ मीटर, म्हणजे बाजूंना जागाच उरत नाही. तिला आयएल-७६सारखं मोठं विमान लागतं.

खरी परीक्षा जमिनीजवळ असते. छत्रीचं क्षेत्रफळ चौपट केलं तरी उतरण्याचा वेग फक्त निम्मा होतो. ५४० चौरस मीटरच्या एका छत्रीखाली ही गाडी, माझ्या ढोबळ हिशेबाने, सेकंदाला १६ मीटर वेगाने येईल, म्हणजे चार मजल्यांवरून पडल्यासारखी. उपाय दोन : अनेक छत्र्या, नाहीतर एकच छत्री आणि रॉकेटं. दुसऱ्या पद्धतीत गाडीखाली लोंबणारे दांडे जमिनीला टेकले की रॉकेटं पेटतात आणि शेवटच्या क्षणी वेग मारतात. मला सर्वात आवडते ती चाकांची युक्ती. वायू आणि तेलाच्या दाबावर चालणारं सस्पेन्शन चालक खाली घेतो, पोट आणि जमीन यांतलं अंतर ४५ सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर येतं आणि गाडी तळाच्या फळीवर घट्ट बसते. मग आदळताना ती उसळत नाही.

सुरुवातीला माणसं वेगळी उतरत आणि शेतात विखुरलेल्या गाड्या शोधत फिरत. ५ जानेवारी १९७३ला रशियातल्या तुला शहराजवळ लिओनिद झुयेव आणि अलेक्सांदर मार्गेलोव गाडीतच बसून उतरले. अलेक्सांदर हा सोव्हिएत छत्रीधारी दलांचे सेनापती वासिली मार्गेलोव यांचाच मुलगा. प्रयोगासाठी बापाने मुलाला पुढे केलं, यावरून त्या यंत्रावरचा विश्वास कळतो.

वजन वाचवल्याची किंमत मात्र सोव्हिएत सैन्याला अफगाणिस्तानच्या युद्धात मोजावी लागली. पातळ तळ सुरुंगापुढे टिकेना, जवान आत बसण्याऐवजी टपावर बसू लागले, आणि अखेर तिथल्या छत्रीधारी तुकड्यांना जड बीएमपी-२ गाड्या देण्यात आल्या.