पहिली नटी दुर्गा खोटे? नाही बावा!

रविवारी नागपुरात बर्डीवर तर्री-पोहे खाताना शेजारच्या टेबलावर पैज लागली होती. 'सिनेमातली पहिली बाई म्हणजे दुर्गा खोटे, त्याआधी सगळे पुरुषच लुगडं नेसायचे.' पैज जिंकली, असं समजून एकानं दुसरी प्लेटही मागवली. हे मी लहानपणी महाल भागातल्या आमच्या वाड्यातही ऐकलंय.

अर्धं खरं आहे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामती झाले ते अण्णा साळुंके. फाळक्यांनी त्यांना एका हॉटेलातून शोधून आणलं होतं. पण फाळक्यांच्या पुढच्याच चित्रपटात, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, बाया आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा वर्षांच्या! याच पुढे कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. पुरुष सीता मात्र लगेच संपली नाही. १९१७च्या 'लंका दहन'मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले.

मग घोळ कुठे झाला? मला वाटतं, नावात. दोघीही दुर्गाबाई. त्यात १९३२च्या 'अयोध्येचा राजा'त दुर्गा खोट्यांनी केली तीही तारामतीच. एक तारामती पुरुष, दुसरी बाई. मधली एकोणीस वर्षं लोकांनी गिळून टाकली. खोटेबाईंचं मोल वेगळं आहे. सुखवस्तू, शिकलेल्या घरातली बाई पडद्यावर येणं तेव्हा मोठं धाडस होतं. पण पहिल्या त्या नव्हेत.

एवढं सांगितलं, तर पैज हरलेला म्हणतो, 'काहून सांगितलं? प्लेट तर आली ना!'